वाचकांचे प्रश्न : पृथ्वी-चंद्राची देवघेव

या वेळी चंद्राबद्दलच्या प्रश्नांची गर्दी झाली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रांमागे एकच समज दिसतो : चंद्र ओढतो आणि पृथ्वी ओढली जाते. प्रत्यक्षात हा व्यवहार दुतर्फा आहे, आणि त्यात नुसत्या ओढीपेक्षा ओढीतला फरक जास्त कामाचा ठरतो. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : सूर्य चंद्राच्या २.७ कोटी पट जड आहे. मग भरती सूर्याऐवजी चंद्रामुळे का येते? आणि चंद्र एका बाजूला असताना पृथ्वीच्या विरुद्ध बाजूलाही भरती कशी?

उत्तर : सूर्यामुळेही येते, पण निम्म्याहून कमी. नुसती ओढ मोजली तर सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोराने ओढतो. पण अख्खी पृथ्वी, पाण्यासकट, अगदी सारख्या ओढीने एकाच दिशेला खेचली गेली तर पाण्याने जमिनीपासून वेगळे वागायचे कारणच उरत नाही. भरतीला हवा असतो तो फरक : अलीकडच्या बाजूला ओढ किती, केंद्राशी किती, पलीकडे किती. चंद्र सरासरी ३,८४,४०० किमीवर, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट अंतरावर आहे. त्यामुळे त्याची ओढ अलीकडच्या बाजूला केंद्रापेक्षा साधारण साडेतीन टक्के जास्त आणि पलीकडे जवळजवळ तितकीच कमी लागते. सूर्य इतका लांब आहे की त्याच्या बाबतीत हा फरक टक्क्याच्या शंभराव्या भागाइतकाही भरत नाही.

गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने घटते, हा फरक मात्र घनाने घटतो. सूर्य चंद्राच्या साधारण ३९० पट दूर आहे. ३९० चा घन सुमारे ५.९ कोटी. २.७ ला ५.९ ने भागा, ०.४६ येतील. सूर्याचे भरतीबल चंद्राच्या ४६ टक्के असते ते असे.

पलीकडच्या भरतीचे कोडेही याच फरकात सुटते. पृथ्वी आणि चंद्र एका सामाईक केंद्राभोवती फिरतात. हे केंद्र पृथ्वीच्या पोटातच, तिच्या मध्यापासून सुमारे ४,६७० किमीवर असते. याचा अर्थ पृथ्वीचा गोळाही चंद्राकडे सतत खेचला जातो आहे. अलीकडचे पाणी गोळ्यापेक्षा जास्त ओढले जाते, म्हणून पुढे सरते. पलीकडचे कमी ओढले जाते, म्हणून मागे राहते. दोन्हीकडे फुगवटा. ‘पलीकडची भरती केंद्रोत्सारी बलामुळे’ असे स्पष्टीकरण अनेकांनी वाचलेले असते. हिशेब काटेकोर मांडला तर त्या वाटेनेही उत्तर बरोबर येते. पण वाचणाऱ्याचा समज असा होतो की पृथ्वी स्वतःभोवती गरगरते म्हणून पाणी बाहेर फेकले जाते, आणि हे साफ चूक आहे. आम्ही तरी ते स्पष्टीकरण बाजूला ठेवतो.

आणखी एक दुरुस्ती. चंद्र पाणी वर उचलत नाही. त्याचे भरतीबल पृथ्वीच्या गुरुत्वाच्या साधारण नव्वद लाखांश आहे. तेवढ्याने पाणी कसले उचलले जाणार? खरे काम करतो तो या बलाचा आडवा भाग. तो हजारो किलोमीटर पसरलेले पाणी हळूहळू फुगवट्याकडे सरकवतो. पृथ्वीवर खंड नसते आणि पाणी लगेच जागा बदलू शकले असते तर भरती-ओहोटीतला फरक चंद्रामुळे अर्ध्या मीटरच्या थोडा वर आणि सूर्यामुळे पाव मीटर झाला असता. पण ४ किमी खोल समुद्रात अशी लाट सेकंदाला २०० मीटरच धावू शकते, आणि चंद्राखालची जागा विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे ४५० मीटरने पळते. फुगवटा मागे पडतो, खंडांवर आपटतो, वळतो, आणि प्रत्येक महासागरात भरतीची लाट काही ठरावीक बिंदूंभोवती गोल फिरत राहते. या बिंदूंपाशी भरती जवळपास नसतेच. उलट कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाण्याची चढउतार १६ मीटरपर्यंत जाते, कारण तिथले पाणी हेलकावायला घेते तो वेळ सुमारे १३ तासांचा आहे आणि चंद्राचा धक्का येतो दर १२ तास २५ मिनिटांनी. झोका परत यायच्या वेळीच हात लावावा तसे होते. मेक्सिकोच्या आखातात तर बऱ्याच ठिकाणी दिवसातून एकदाच भरती येते. पुस्तकातले दोन फुगवट्यांचे चित्र कारण सांगते, पण किनाऱ्यावरचे पाणी सांगत नाही.

प्रश्न : भरतीची वेळ आणि पाण्याची उंची स्वतः काढता येईल का? आणि उधाण नेमके पौर्णिमेला न येता एक-दोन दिवसांनी का येते?

उत्तर : अंदाजापुरती येईल. आधी एक नोंद हवी : आपल्या किनाऱ्यावर अमावस्येच्या किंवा पौर्णिमेच्या दिवशी पूर्ण भरती किती वाजता आली. हा त्या जागेचा स्वतःचा आकडा असतो आणि जवळच्या दोन बंदरांतही वेगळा निघतो. आता पुढच्या प्रत्येक तिथीमागे त्यात ४८ मिनिटे मिळवत जा. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते, आकाश तासाला १५ अंश फिरते, म्हणून १२ अंशांना ४८ मिनिटे. अमावस्येला पूर्ण भरती दुपारी १२ ला आली असेल तर पंचमीला ती दुपारी ४ च्या सुमारास येईल. दुसरी भरती १२ तास २५ मिनिटांनी आणि मधली ओहोटी सव्वासहा तासांनी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे.

हा हिशेब चुकतो कुठे? एक, तिथी सारख्या लांबीची नसते. चंद्र पृथ्वीजवळ असला की जोरात धावतो, लांब असला की रेंगाळतो, त्यामुळे तिथी कधी २० तासांच्याही आत संपते तर कधी २६ तासांपर्यंत जाते. दोन, सूर्य आपला फुगवटा मध्ये घालून वेळ पुढेमागे करतो : उधाणाच्या दिवसांत भरती रोज पाऊण तासाहून कमी उशिराने येते आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत एक तासाहून जास्त उशिराने. सगळे मिळून तासाभराची चूक सहज होते. फिरायला जायला हा अंदाज चालतो, होडी काढायला नाही. त्यासाठी छापील भरतीपत्रकच घ्यावे.

उंचीसाठी बारा भागांचा नियम वापरा. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास धरा. पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या १२ भागांपैकी १ भाग चढते, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २, सहाव्यात १. चढ ४.८ मीटरचा असेल तर पहिल्या तासात फक्त ४० सेंमी, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत प्रत्येकी १.२ मीटर. ओहोटीत खडकांवर गेलेले लोक अडकतात ते बहुधा यामुळेच. पहिला तास पाहून त्यांना वाटते की पाणी संथ चढते आहे. काटेकोर म्हटले तर यातला ‘तास’ ६२ मिनिटांचा. खाडीत हा नियम मोडतो : तिथे भरती झपाट्याने आत घुसते आणि ओहोटी लांबत जाते. पत्रकातला आकडा खरा ठरायलाही हवामान साधे हवे. हवेचा दाब १ मिलिबारने घसरला की पाणी साधारण १ सेंमी वर येते, आणि किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल तर त्याहून कितीतरी जास्त.

आता उशिराबद्दल. पौर्णिमा-अमावस्येला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका ओळीत येतात, धक्का सर्वांत जोराचा बसतो. पण महासागर म्हणजे जड झोका. त्याचे सर्वांत मोठे आंदोलन सर्वांत मोठ्या धक्क्यानंतर होते. बहुतेक किनाऱ्यांवर हा उशीर एक ते दोन दिवसांचा असतो. त्याच सुमारास चंद्र उपभू बिंदूशी, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला असेल तर उधाण आणखी वाढते. अंतर ३,५६,५०० किमीपर्यंत खाली येते तेव्हा चंद्राचे भरतीबल सरासरीपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त असते. पुन्हा तोच घन.

प्रश्न : माणसाच्या शरीरात ६० टक्के पाणी आहे. मग समुद्रासारखी भरती आपल्यातही येत असेल ना?

उत्तर : नाही. भरतीबल पाण्यामुळे जन्मत नाही, लांबीमुळे जन्मते. पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या टोकांत १२,७४२ किमीचे अंतर आहे, तुमच्या डोक्यात आणि पायांत दोन मीटरसुद्धा नाही. त्या दोन मीटरांत चंद्राच्या ओढीतला फरक इतका नगण्य की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे तुमच्यावरचे भरतीबल त्याहून कितीतरी जास्त भरेल. सुपिरियर सरोवरासारख्या ५६० किमी लांबीच्या जलाशयातही भरती ५ सेंमीच्या आतच राहते. पेल्याचा प्रश्नच नाही.

प्रश्न : चंद्र दरवर्षी ३.८ सेंमी दूर जातो म्हणतात. पावणेचार लाख किलोमीटरवरून सेंटिमीटर कसे मोजतात?

उत्तर : लेसरचा ठिपका पाठवून, तो परत येईपर्यंतचा वेळ मोजून. चंद्रावर त्यासाठी परावर्तक ठेवलेले आहेत : अपोलो ११ ने १९६९ मध्ये, अपोलो १४ आणि १५ ने १९७१ मध्ये, आणि सोव्हिएत लुनोखोद १ व २ या गाड्यांवर. अपोलो ११ च्या फळीत काचेचे १०० लोलक आहेत, १५ च्या फळीत ३००. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा एकमेकींना काटकोनात मिळतात, तसे प्रत्येक लोलकाचे तीन पृष्ठभाग असतात. अशा कोपऱ्यात शिरलेला किरण तीनदा आपटून जिथून आला त्याच दिशेला परत जातो. साधा आरसा ठेवला असता तर तो अचूक रोखायला तिथे माणूस बसवावा लागला असता.

प्रकाशाला जायला-यायला सुमारे अडीच सेकंद लागतात. वेळेत एक अब्जांश सेकंदाची चूक झाली तर अंतरात १५ सेंमीची चूक होते, म्हणून घड्याळ त्याहूनही शेकडो पट बारीक मोजणारे लागते. हवेमुळे झोत फाकतो आणि चंद्रावर पोचेपर्यंत दोनेक किलोमीटर रुंद होतो. परतताना तो आणखी पसरतो. एका ठिपक्यात १ वर १७ शून्ये इतके प्रकाशकण सोडले तर दुर्बिणीत परत येतो एखादा. हजारो ठिपके सोडून सरासरी काढावी लागते.

अडचणी निराळ्याच आहेत. वेधशाळेखालची जमीन स्वतः भरतीने खालीवर होते, ३० सेंमी किंवा त्याहूनही जास्त. ती वजा करावी लागते. हवेतून जाताना प्रकाश रेंगाळतो, त्यामुळे अंतर मीटरांनी वाढल्यासारखे दिसते, तेही वजा. आणि चंद्र किंचित डुलत असल्याने परावर्तकाची सपाट फळी तिरकी दिसते, तिचे एक टोक दुसऱ्यापेक्षा जवळ येते, त्यामुळे परतलेला ठिपका पसरट होतो. आजच्या घडीला मोजणी मिलिमीटरच्या घरात अडते ती मुख्यतः याच कारणाने. परावर्तकांवर बसलेल्या धुळीने परतणारा प्रकाशही पूर्वीपेक्षा बराच घटला आहे, पौर्णिमेला तर फारच. लुनोखोद १ अनेक दशके हरवलेली होती. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाच्या छायाचित्रांत २०१० साली ती सापडली आणि तिने पहिल्याच प्रयत्नांत भरघोस प्रकाश परत पाठवला. चांद्रयान ३ च्या विक्रम अवतरकावरही नासाचा एक छोटा परावर्तक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या एका यानाने त्यावर लेसर टाकून परतीचा प्रकाश टिपला.

प्रश्न : पण चंद्र दूर जातोच का? आणि त्याला लागणारी ऊर्जा कुठून येते?

उत्तर : पृथ्वीच्या गिरकीतून. पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत फिरते, चंद्र तिच्याभोवती २७.३ दिवसांत. पृथ्वी वेगवान असल्यामुळे भरतीचा फुगवटा चंद्राखाली थांबत नाही. एकंदरीत पाहता तो चंद्राच्या किंचित पुढे ओढला जातो. पुढे गेलेला हा फुगवटा चंद्राला त्याच्या मार्गावर पुढे खेचतो, आणि चंद्र फुगवट्याला मागे. एकाला ढकल, दुसऱ्याला ब्रेक. पृथ्वी जो कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठा, गमावते तो चंद्राच्या कक्षेत जमा होतो.

इथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. पुढे ढकललेला चंद्र वेगवान होत नाही, मंदावतो. ढकलीमुळे तो वरच्या कक्षेत चढतो, आणि वरच्या कक्षेत फिरण्याचा वेग कमीच असतो. उतारावर सोडलेली गाडी जशी वेग घेते, तशीच चढावर ढकललेली गाडी वेग गमावते. मिळालेली ऊर्जा उंचीत जाते.

आणि चंद्राला मिळते ते फार थोडे. भरती-ओहोटीच्या घर्षणात एकूण सुमारे ३.७ लाख कोटी वॅट खर्च होतात. चंद्राची कक्षा उचलण्यात त्यांतले फक्त ०.१२ लाख कोटी, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास. बाकी जवळजवळ सगळे समुद्रात मुरते. पूर्वी असे धरले जायचे की हे घर्षण उथळ किनारी समुद्रांतच होते. १९९२ मध्ये सोडलेल्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहाने समुद्राची पातळी इतकी बारीक मोजली की सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ऊर्जा खोल समुद्रात, तळाच्या डोंगररांगांवरून पाणी जाताना खर्च होते हे दिसले. खोलातले थंड पाणी आणि वरचे कोमट पाणी ढवळायला तिचा हातभार लागतो. म्हणजे चंद्राचा थोडा वाटा सागरी प्रवाहांतही आहे.

ब्रेक लागल्याचा पुरावा जुन्या ग्रहणांत सापडतो. दिवस शतकाला सरासरी १.७ सहस्रांश सेकंदाने लांबतो. हे क्षुल्लक वाटते, पण घड्याळातली ही चूक दररोज साठत जाते. वीस शतकांत ३६,५२५ गुणिले २० दिवस झाले. आजच्या मानाने दिवसाची तूट सुरुवातीला ३४ सहस्रांश सेकंद, आज शून्य, म्हणून सरासरी १७ सहस्रांश सेकंद. गुणाकार करा : सुमारे १२,४०० सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेतीन तास. इसवी सनापूर्वी १३६ मध्ये, १५ एप्रिलला बाबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची मातीच्या पाटीवर नोंद आहे. दिवस तेव्हाही आजइतकाच होता असे धरून मागे हिशेब केला तर ग्रहणाची सावली बाबिलोनच्या बरीच पश्चिमेकडून जाते; सुमारे सव्वातीन तासांची चूक पडते. म्हणजे तेव्हापासून आजवर पृथ्वी त्या हिशेबापेक्षा तेवढ्या वेळाची गिरकी जास्त फिरली आहे.

त्याहून मागे जायचे तर प्रवाळ. काही प्रवाळांच्या सांगाड्यावर रोज एक बारीक रेघ उमटते आणि वर्षाच्या ऋतूंनुसार जाड पट्टे पडतात. जीवाश्मांचे अभ्यासक जॉन वेल्स यांनी १९६३ मध्ये डेव्होनियन काळातल्या, म्हणजे सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरच्या रेघा मोजल्या. वर्षाला साधारण ४०० भरल्या. वर्षाची लांबी बदललेली नाही, ते ८,७६६ तासांचेच. भागाकार केला की दिवस २२ तासांच्या थोडा आत येतो.

आता सावधगिरी. ३.८ सेंमीचा दर घेऊन मागे जात चंद्राचे वय काढू नका. चंद्र जवळ असताना भरतीबल फार मोठे होते हे धरून, पण घर्षण आजच्याइतकेच प्रभावी मानून हिशेब केला तर चंद्र दीडेक अब्ज वर्षांपूर्वीच पृथ्वीला चिकटतो. त्याचे खडक मात्र सुमारे साडेचार अब्ज वर्षांपर्यंत मागे नेतात. खोट दरात आहे. आजच्या महासागरांचा आकार योगायोगाने चंद्राच्या ठेक्याशी जुळतो, म्हणून घर्षण आज नेहमीपेक्षा जास्त आहे. खंड वेगळ्या ठिकाणी होते तेव्हा चंद्र बराच सावकाश दूर जात होता.

प्रश्न : चंद्राची एकच बाजू दिसते, म्हणजे तो स्वतःभोवती फिरत नाही असेच ना?

उत्तर : फिरतो. खोलीच्या मध्यभागी खुर्ची ठेवा आणि तोंड सतत खुर्चीकडे ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारा. खुर्चीला तुमची पाठ दिसणार नाही, पण तुमच्या समोर खोलीच्या चारही भिंती येऊन गेलेल्या असतील. म्हणजे एक गिरकी झाली. आता तोंड एकाच भिंतीकडे ठेवून फेरी मारा. या वेळी खुर्चीला तुमची पाठही दिसेल. गिरकी न घेणारा चंद्र असा दिसला असता.

हे कुलूप पृथ्वीने लावलेले आहे. पृथ्वी चंद्राच्या ८१ पट जड, चंद्राची त्रिज्या पृथ्वीच्या जेमतेम पाव. दोन्ही धरता पृथ्वीचे भरतीबल चंद्रावर वीसपटीहून जास्त पडते. त्या घर्षणाने त्याची गिरकी कक्षेइतकी मंद होऊन तिथेच अडकली. पण कुलूप थोडे सैल आहे. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे कक्षेतला वेग बदलतो, गिरकीचा बदलत नाही. मग कधी पूर्वेची कड थोडी जास्त दिसते, कधी पश्चिमेची. त्याचा अक्षही थोडा कललेला असल्याने कधी उत्तर ध्रुवापलीकडे डोकावता येते, कधी दक्षिण. सगळे मिळून आपल्याला चंद्राचा ५९ टक्के पृष्ठभाग दिसतो. दुर्बीण असेल तर ‘संकटांचा सागर’ म्हणून ओळखला जाणारा उजवीकडचा गडद अंडाकृती डाग महिनाभर पाहा. कडेपासूनचे त्याचे अंतर बदलताना स्पष्ट कळते.

‘चंद्राची अंधारी बाजू’ हा शब्दप्रयोग मात्र सोडून द्यावा. मागच्या बाजूलाही दोन आठवडे ऊन आणि दोन आठवडे रात्र असते.

प्रश्न : पौर्णिमेला भूकंप जास्त होतात हे खरे का?

उत्तर : भरतीमुळे खडकावर येणारा ताण काही हजार पास्कल (पास्कल हे दाबाचे एकक) असतो, तर भूकंपात मोकळा होणारा ताण दशलक्षांत मोजतात. हजारपटींचा फरक. तुटायला आलेल्या भेगेला तो शेवटचा धक्का देऊ शकतो, आणि मोठ्या भूकंपांमध्ये असा क्षीण संबंध दिसल्याचा जपानी संशोधकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला आहे. पण त्यावरून भाकीत करता येत नाही. लोकांच्या ठाम समजुतीमागे साधी मोजणी आहे : पौर्णिमा आणि अमावस्या, दोन्हींच्या आगेमागे दोन-दोन दिवस धरले की महिन्यातले दहा दिवस झाले. तिसरा हिस्सा भूकंप त्यांत नुसत्या योगायोगाने पडणारच.

उलट बाजूचा संबंध मात्र पक्का आहे. अपोलोच्या प्रवाशांनी ठेवलेली भूकंपमापके १९७७ पर्यंत चालू होती. त्यांना चंद्राच्या पोटात ७०० ते १,२०० किमी खोलीवर हलके धक्के सापडले, तेही ठरावीक जागांवर, साधारण २७ दिवसांच्या अंतराने. चंद्र पृथ्वीजवळ येतो, लांब जातो, आणि तिच्या भरतीबलाने त्याचे आतले खडक महिन्याला एकदा पिळले जातात.

प्रश्न : चंद्र नसता तर पृथ्वीचा अक्ष कोलमडला असता आणि जीवसृष्टीच नसती, असे वाचले. कितपत खरे?

उत्तर : पहिला भाग थोडा खरा, दुसरा ओढूनताणून. पृथ्वीचा अक्ष २३.४ अंश कललेला आहे आणि भोवऱ्यासारखा डुलत सुमारे २६,००० वर्षांत एक चक्कर पूर्ण करतो. ही परांचन गती दोन तृतीयांश चंद्रामुळे आणि उरलेली सूर्यामुळे. चंद्र काढून टाकला तर डुलणे मंदावते, आणि मंद झालेला हा ठेका इतर ग्रहांच्या ओढीने पृथ्वीच्या कक्षेत होणाऱ्या संथ बदलांच्या ठेक्याशी जुळू लागतो. मग कलणे बेभरवशाचे होते. १९९३ मधल्या गणितात ते ० ते ८५ अंशांपर्यंत कुठेही जाऊ शकेल असे निघाले. मंगळाला मोठा चंद्र नाही आणि त्याचा अक्ष खरोखरच असा भरकटतो. पण २०१२ मधल्या नव्या गणितांत चंद्राविना पृथ्वीचा अक्ष कोट्यवधी वर्षे बऱ्यापैकी आटोक्यात राहिला. आज कल ४१,००० वर्षांच्या फेऱ्यात २२.१ ते २४.५ अंशांत हलतो, आणि हिमयुगांच्या येण्याजाण्यावर परिणाम करायला एवढेही पुरते.

प्रश्न : पृथ्वीवरून चंद्रावर एखादी वस्तू आपोआप पोचते का?

उत्तर : पोचते, पण अणूंच्या रूपात. सौर वाऱ्यामुळे, म्हणजे सूर्यातून सतत येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतामुळे, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सूर्याच्या विरुद्ध दिशेला लांब शेपटीसारखे ताणले जाते. पौर्णिमेच्या आसपास पाचेक दिवस चंद्र या शेपटीतून जातो. सौर वारा तेव्हा अडतो आणि पृथ्वीच्या वातावरणातून निसटलेले ऑक्सिजनचे आयन (विद्युतभारित अणू) चंद्रावर येऊन आदळतात. जपानच्या कागुया यानाने ते टिपले आणि २०१७ मध्ये तसे जाहीर झाले. चांद्रयान १ वरच्या उपकरणाच्या नोंदींतून २०२० मध्ये चंद्राच्या ध्रुवांकडच्या भागात हेमेटाइट, म्हणजे साध्या भाषेत गंज, असल्याचे दिसले. ऑक्सिजन नसलेल्या जागी गंज कसा, याचे एक संभाव्य उत्तर हीच शेपटी.

प्रश्न : चंद्रावरून पृथ्वी उगवताना कशी दिसेल?

उत्तर : चंद्राच्या पुढच्या बाजूला उभे राहिलात तर उगवणारच नाही. चंद्राचे तोंड पृथ्वीकडे बांधलेले असल्यामुळे ती आकाशात जवळजवळ एकाच जागी टांगलेली राहील, चंद्र आपल्याला दिसतो त्याच्या पावणेचार पट रुंद, आणि तिच्या कला आपल्या चंद्राच्या उलट : इथे अमावस्या तेव्हा तिथे ‘पूर्णपृथ्वी’. तिचा प्रकाश आपल्या पौर्णिमेच्या चांदण्याच्या तीसपट किंवा त्याहून जास्त. शुद्ध द्वितीया-तृतीयेच्या कोरीत उरलेला चंद्र फिकट राखाडी दिसतो तो याच प्रकाशात. अपोलो ८ ने डिसेंबर १९६८ मध्ये घेतलेले पृथ्वी उगवतानाचे प्रसिद्ध छायाचित्र चंद्राभोवती फिरणाऱ्या यानातून घेतलेले आहे. तिथे उगवणे यानाच्या वेगामुळे घडले. जमिनीवरून ते पाहायचे तर चंद्राच्या कडेला, डुलण्यामुळे कधी दिसणाऱ्या कधी लपणाऱ्या पट्ट्यात जावे लागेल. तिथे पृथ्वीचा गोळा क्षितिजावर पूर्ण वर यायला एक ते दोन दिवस लागतील, आणि काही दिवसांनी ती साधारण तिथेच मावळेल.